मास्तर, पोराला काय करायचं?

पीयूसीचा निकाल लागला की माझ्या पडवीत खुर्च्या कमी पडतात. येणाऱ्यांचा प्रश्न एकच, “मास्तर, पोराला काय करायचं सांगा की.” आणि उत्तर ते घरूनच घेऊन आलेले असतात. मार्क चांगले असले तर इंजिनिअरिंग, मध्यम असले तर बी.कॉम., आणि कुठेच जमत नसलं तर बी.ए. मी फक्त मान हलवायची, चहा द्यायचा.

यंदा मान हलवायची नाही असं ठरवलं आहे. काही वाचकांना राग येईल. येऊ दे.

इंजिनिअरिंगबद्दल फार बोलत नाही. १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आपल्याच गावात आलं. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात. ज्या पोराला लोखंडाची, यंत्राची ओढ आहे त्याने जरूर तिकडे जावं. पण ज्याने आयुष्यात सायकलची चेन चढवली नाही त्याला केवळ लग्नाच्या बाजारात भाव यावा म्हणून चार वर्षं तिथे कोंडणं, हा बापाचा हट्ट झाला.

बी.एस्सी. म्हणजे इंजिनिअरिंग हुकलेल्यांची धर्मशाळा, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. मग आपला जिल्हा उसाचा आहे याचं करायचं काय? कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची गोडी तपासणारा केमिस्ट लागतोच, आणि साखर तंत्रज्ञान शिकवणारी निजलिंगप्पा संस्था खुद्द बेळगावात आहे. घाट उतरलं की गोव्यात वेर्ण्याला औषधांचे कारखाने. हे सगळं हाताच्या अंतरावर असताना रसायनशास्त्राचा पदवीधर मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकताना मी पाहतो. त्याला कुणी सांगितलंच नाही. सांगणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे जास्त लागतं.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. पदवी कोणती, यावर आपण रात्री जागवतो. पोराला कन्नड लिहिता-वाचता येतं का, हे कुणी विचारत नाही. आणि या भागात नोकरीचं दार बऱ्याचदा तिथेच अडतं.

बँकेचं उदाहरण घ्या. सरकारी बँकांच्या क्लार्कभरतीत उमेदवाराने अर्ज करताना एकच राज्य निवडायचं असतं, आणि त्या राज्याची भाषा त्याला लिहिता, वाचता, बोलता यावी लागते. पुण्याचा मुलगा महाराष्ट्र निवडतो, धारवाडचा कर्नाटक. आपला मुलगा, दोन्ही लिप्या येत असतील तर, ज्या वर्षी जिकडे जागा जास्त तिकडे अर्ज करू शकतो. शिवाय आपल्या ८६५ गावांतल्या, १५ वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी उमेदवाराला महाराष्ट्राच्या नोकरभरतीची दारं उघडी आहेत. एवढी सोय ना पुण्याला, ना धारवाडला. ती आपण अर्धी सोडून दिली आहे.

का सोडली, तेही सांगतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा नवा शिक्षक होतो, मोर्चात होतो, आणि त्याची मला आजही लाज नाही. लाज वेगळ्या गोष्टीची वाटते. त्यानंतर कित्येक वर्षं मी वर्गात सांगत आलो, “कन्नडला पस्तीस मार्क पुरेत.” पोरं हसायची, खूश व्हायची. त्यातलाच एक, बी.ए.ला मराठीत पहिला आलेला, राज्य सरकारच्या परीक्षेला बसला. बाकी पेपर उत्तम गेले. कन्नडच्या सक्तीच्या पेपरात नापास. पेढे घेऊन यायचा तो नुसताच आला आणि म्हणाला, “सर, पस्तीस पुरले नाहीत.”

सक्ती वेगळी आणि भाषा वेगळी. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं हे घटनेच्या ३५०-अ कलमात आहे; मराठी कागद मागणं हा आपला हक्क आहे, तो मागत राहू. पण आपण सक्तीशी लढता लढता भाषेवरच रुसून बसलो. महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला तो २००४ साली. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता पदवी घेऊन बाहेर पडली. त्यांनी कशाच्या भरवशावर थांबायचं?

आणि ज्या बी.ए.ला आपण नाक मुरडतो, तिला इथे खरं तर काम पुष्कळ आहे. खालच्या कोर्टाचं कामकाज कन्नडात; वाटणीचे आणि इनामाचे कितीतरी जुने कागद मराठीत, मोडीत. दोन्ही वाचणारा वकील किती जणांच्या ओळखीचा आहे? २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची पाळी आली. इतिहासाचा पदवीधर मोडी शिकला तर उपाशी राहणार नाही. भाषांतराचं म्हणाल, तर उमा कुलकर्णी आपल्या बेळगावच्याच. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ त्यांनी मराठीत आणली आणि १९८९ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला. भाषांतरावर घर चालत नाही हे मलाही कळतं. पण कारखान्याची पत्रकं, औषधाच्या चिठ्ठ्या, बँकेचे अर्ज, जाहिराती, हे सगळं कुणीतरी कन्नडातून मराठीत आणि मराठीतून कन्नडात करतंच की. ते कसं होतं, हे रस्त्यावरच्या पाट्या वाचून कळतं.

यंदा मे महिन्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिला इतिहास घ्यायचा होता. “बी.ए. करून काय चूल फुंकायची?” ते म्हणाले. वर लिहिलं ते सगळं मी तासभर त्यांना ऐकवलं. शेवटी ते म्हणाले, “बरं, मग कन्नडची शिकवणी कुणाकडे लावू?”

मला चटकन एकही नाव सांगता येईना. मग आठवलं, मागच्या गल्लीत एक निवृत्त कन्नड मास्तर राहतात. तीस वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. चप्पल घातली, बापलेकीला बरोबर घेतलं. दार त्यांच्या सूनबाईंनी उघडलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, “कोण पाहिजे?”