इंटरकूलर बदला म्हणतात... आधी तपासा तरी!

"इंटरकूलर गेलाय, पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल." जुनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की हे वाक्य हल्ली फार सहज ऐकायला मिळतं. माझं म्हणणं सरळ आहे: प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय या वाक्याला मान डोलवू नका. आणि हा एकेका गाडीमालकाच्या खिशापुरता प्रश्न नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरचार्जर इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात कोंबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम होतो ना, तसंच इथे होतं. दाबलेली हवा शंभर अंशांच्याही वर तापते. तापलेली हवा विरळ, त्यात ऑक्सिजन कमी. म्हणून मधे इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटरच म्हणा. टर्बो डिझेलमुळे तो आपल्याकडे गावोगावी पोचलाय. सुपरचार्जरवाल्या गाड्या मोजक्याच, पण मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर पुण्यात अजून दिसते. नंतर कंपनी टर्बोकडे वळली. या जुन्या गाड्या आता सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतात, हौशी पोरं घेतात. गाडी स्वस्त हो, पार्ट मात्र मर्सिडीजचेच!

आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे अशीच आहे. चढावर दम लागायचा, अ‍ॅव्हरेज घसरलेलं. एका वर्कशॉपने (नाव घेत नाही) न उघडताच असेंब्लीचं एस्टिमेट दिलं, साठ हजारांच्या वर. काका तिथून उठले आणि ओळखीच्या रेडिएटरवाल्याकडे गेले. त्याने दोन्ही तोंडं बंद करून बेताची हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. अर्ध्या तासात निकाल: एक रबरी होज चिरलेला, आणि प्लास्टिकची टँक अ‍ॅल्युमिनियमच्या कोरला जिथे दाबून बसवलेली असते तिथल्या रबरातून बारीक बुडबुडे. कोर ठणठणीत. होज मिळाला. ते रबर मात्र सुटं मिळेना! पार्टांच्या यादीत ते नाहीच. यादीत फक्त असेंब्ली. शेवटी त्या माणसाने दुसऱ्या मापाचं रबर बसवून, कडा पुन्हा दाबून काम केलं. गाडी चालतेय.

खरी गोम इथे आहे. वीतभर रबर विकायचं नाही म्हणून धडधाकट कोर भंगारात जातो. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच दुखण्यावरून: सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या मेकॅनिकपर्यंत पोचू न देणं. प्रकरण पुढे कोर्टकचेरीत गेलं. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आली. चांगलं झालं. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि सुटं रबर विकायला भाग पाडणं वेगळं. त्यासाठी कायदाच लागेल.

उलट बाजूने सरकार जुन्या गाडीवाल्याला पिळतंच आहे. १५ वर्षांनंतर रीपासिंग, त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर. प्रदूषण नको हे मान्यच आहे राव! पण मग गाडी धड ठेवायला लागणारा भाग मिळेल हेही बघा ना. काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर इंटरकूलरच्या आधी असतो. मोजलेली हवा पुढे वाटेत निसटते, कॉम्प्युटर पेट्रोल मात्र पूर्ण मोजणीचं सोडतो. धूर तिथून येतो. आणि पीयूसी उभ्या गाडीवर होते, चढावर नाही.

याचा अर्थ नेहमी डागडुजीच करा असं मुळीच नाही. सुपरचार्जर किंवा टर्बो फुटून धातूचा चुरा आत गेला असेल तर इंटरकूलर धुऊन वापरू नका. एक कण इंजिनात गेला तर इंजिनच उघडावं लागेल. काही मॉडेलांत इंटरकूलर कूलंटच्या पाण्याने थंड होतो. तो आतून गळू लागला तर पाणी थेट इंजिनात, तिथेही बदलाच. पत्र्या कुजून झडल्या असतील तर आर्गन वेल्डिंगचे पैसे वाया जातील. पण आत तेलाचा पातळ थर दिसला म्हणून "गेला" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तेवढं तेल बहुतेक गाड्यांत असतं. वाटीभर निघालं तर मात्र सुपरचार्जरचे सील बघा.

एस्टिमेट घेताना होज, क्लॅम्प, कोर, मजुरी वेगवेगळी लिहून मागा. प्रेशर टेस्ट केली का, कुठून गळतंय, हेही त्याच कागदावर हवं. नाही म्हणाले तर गाडी बाहेर काढा.

आणि मंडळी, तुमच्या गावात इंटरकूलरची टँक उघडून रबर बदलणारा कारागीर असेल तर गाव आणि पेठ तेवढी खाली सांगा. नाशिक, कोल्हापूरहून दोघांनी आधीच विचारलंय.