पोथी हाती, पण हक्क कुणाचा?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील राममंदिरातून प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. रामदासी परंपरेतील ग्रंथधन मात्र गाजावाजा न होता नाहीसे होऊ शकते. त्यामागे वाळवी असते, तसाच हक्कांचा गोंधळही असतो.

समर्थांच्या दासबोधावर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. प्रश्न आहे तो नंतरच्या लेखनाचा. विसाव्या शतकात छोट्या छापखान्यांतून निघालेली स्तोत्रे, माहात्म्ये, चरित्रे आणि प्रवचने यांचे लेखक दिवंगत, छापखाने बंद आणि वारस अज्ञात, अशी स्थिती अनेकदा आढळते. अशा बेवारस लेखनाच्या पुनर्मुद्रणाचा अधिकार कोणाचा?

व्यवहारात ज्याच्या हाती पोथी तोच धनी, असे समजले जाते. कायदा तसे मानत नाही. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने मिळाले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी कागदाची मालकी आणि मजकुरावरील हक्क या भिन्न बाबी आहेत. मुक्त झालेला ग्रंथ पुन्हा छापून त्यावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असा शिक्का मारल्यानेही हक्क निर्माण होत नाही. तो फक्त नव्या प्रस्तावनेपुरता आणि टीपांपुरता असतो.

१९५७ च्या कायद्यानुसार हक्काची मुदत लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे असते. दासगणू महाराजांचे निधन १९६२ चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०२२ अखेर मुक्त झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यांच्या ग्रामगीतेची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. निनावी पुस्तिकेची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे, मात्र तोवर लेखकाची ओळख उघड झालेली नसावी.

खरी अडचण येते ती नाव छापलेले, पण मृत्यूचे वर्ष ठाऊक नाही अशा लेखकांबाबत. यासाठी कलम ३१-अ मध्ये सक्तीच्या परवान्याची सोय आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती प्रकाशित ग्रंथांनाही लागू झाली. परंतु त्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, ठरेल ते मानधन जमा करावे लागते. २०२१ मध्ये अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून हे काम न्यायालयांकडे गेले आहे. चाळीस पानांच्या स्तोत्रासाठी हा खटाटोप कोण करणार?

याहून सोपी वाट कलम ५२ मध्ये आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातील अप्रकाशित हस्तलिखित, लेखक ज्ञात असल्यास त्याच्या निधनाला ६० वर्षे उलटल्यावर, प्रकाशनासाठी उतरवून घेता येते. जतनासाठी संगणकीय प्रत करण्याचीही विनानफा सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा आहे. घरातील माळ्यावर पडलेल्या बाडाला यातले काहीच लागू होत नाही.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली, डोमगावच्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून १९०५ मध्ये दासबोध प्रसिद्ध केला. तो संग्रह श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात अभ्यासकांच्या हाती राहिला. समर्थांच्या जन्मजिल्ह्यातही निदान एक नोंदवही तयार व्हावी: ग्रंथाचे नाव, लेखक, मुद्रणवर्ष, निधनवर्ष. मठ, ग्रंथालये आणि महाविद्यालये यांनी मनावर घेतले तर हे काम अवघड नाही. ते आज झाले नाही, तर हक्काची मुदत संपेपर्यंत छापण्याजोगे पान तरी उरेल काय?