चौघांना एक खोली

मेढ्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला पूर्वी ‘उतरणार कुठे?’ असे कुणी विचारत नसे. गिरणगावातल्या चाळीत गावकीची खोली असायची, धान्यबाजारात माथाडी काम करणारा कुणी भाऊबंद असायचा. वळकटी पसरायला जागा मिळायची आणि सकाळी नळावर नंबर लावला की झाले. पण ती सोय एकट्या बाप्याची होती. बायकामुलांना घेऊन तिथे उतरता येत नसे. धोबीतलावात गोव्याच्या दर्यावर्दी लोकांचे कूड होते, तिथलीही रीत हीच.

आता अख्खे घर प्रवासाला निघते. रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्या आईवडिलांना विमानतळावर सोडायचे असते, कुणाला टाटा रुग्णालयात तपासणीला जायचे असते, कुणाच्या मुलीची प्रवेश परीक्षा असते. हे काही एका जमातीचे दुखणे नव्हे. आळीतले शेजारीही मे महिन्यात मुलांना राणीची बाग दाखवायला निघतात आणि त्याच अडचणीत सापडतात.

अडचण अशी की, हॉटेलची खोली दोघांच्या हिशेबाने ठरते. मोबाइलवर दिसणारा दर बहुतेक वेळा दोघांचा असतो. तिसऱ्या माणसासाठी जास्तीची गादी आणि तिचे वेगळे पैसे. लहान मुले फुकट, पण कितव्या वर्षापर्यंत, हे प्रत्येक हॉटेल आपल्या मर्जीने ठरवते. मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी दहाची असली, तर काउंटरवरचा माणूस सरळ दोन खोल्या घ्यायला सांगतो. मग दाखवलेला दर दुप्पट होतो. विमान पहाटेचे असेल तर आणखी एक खोच निघते. अनेक हॉटेलांत दिवस दुपारी बाराला बदलतो. सकाळी आठला पोहोचून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघणाऱ्याकडून कधी दोन, कधी तीन दिवसांचे भाडे घेतले जाते. चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देणारे जुने लॉज या बाबतीत बरे. तेव्हा दर विचारण्याआधी ‘चौघांना एकच खोली द्याल का आणि दिवस कधी बदलतो?’ हे दोन प्रश्न फोनवर विचारून घेतलेले बरे.

स्वस्ताईचे नवे प्रयोग झाले, तेही एकट्यादुकट्या प्रवाशासाठी. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले. साध्या पॉडचा चोवीस तासांचा तेव्हाचा दर १,९९९ रुपये होता. फिरत्या विक्रेत्याला तो परवडेल. चौघांचे मात्र ७,९९६ रुपये होतात आणि तेवढ्यात चांगल्या हॉटेलची खोली मिळते! छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरच्या चाळीस पॉडपैकी कुटुंबासाठी अवघे चार ठेवले गेले.

करातही कुटुंबाचा विचार दिसत नाही. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून त्यावर बारा टक्के कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर तो पाच टक्क्यांवर उतरला. म्हणजे अडीच हजारांच्या खोलीवरचा कर तीनशेवरून सव्वाशेवर आला. हा दिलासा खराच, पण हॉटेलमालकाला खरेदीवरच्या कराची वजावट मिळणे बंद झाले, त्यामुळे तो मूळ भाडे वाढवणार नाही याची खात्री नाही. शिवाय दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर वाचलेले पैसे पहिल्याच रात्री संपतात.

उरतात धर्मशाळा आणि मुसाफिरखाने. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आधार देते. म्हाडाने २०२१ मध्ये टाटा रुग्णालयासाठी शंभर घरे देऊ केली, तीही रुग्ण आणि नातेवाइकांसाठी. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना हजयात्रेकरूंच्या पिढ्यांना ठाऊक आहे. तिथे आजारी आणि यात्रेकरू यांचा हक्क पहिला, हे योग्यच. पण परीक्षेला मुलगी घेऊन आलेल्या कुटुंबाने कुठे जायचे?

या महिन्यात जकातीचे हिशेब घरोघरी चालू असतात. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत शेवटी वाटसरू आहे. घरी शेतीवाडी असली तरी परमुलखात अडलेल्या माणसाला ती घेता येते, असे धर्मशास्त्री सांगतात. गरज घरच्या सातबाऱ्यावरून न मोजता, माणूस आज कुठे अडला आहे यावरून मोजायची. सरकारी योजनांना हे माप अजून सापडलेले नाही. तिथे आधी उत्पन्नाचा दाखला मागतात.

सध्या मेढ्याच्या लोकांना खरा आधार नवी मुंबईचा आहे. बाजार समिती वाशीला गेली तसे माथाडी कामगारांचे संसार कोपरखैरणे, घणसोलीत वसले आणि पाहुणा तिथेच उतरतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने सुटू लागल्याने त्या बाजूचा ओढा वाढणार. पण तिथल्या दीड खोलीत चार पाहुणे आले की यजमानाचा मुलगा जिन्यात अभ्यास करतो आणि पुढच्या खेपेला पाहुण्यालाच संकोच वाटतो.

एसटीच्या जागा खासगी विकासकांना ९८ वर्षांपर्यंत भाड्याने देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला आहे. मुंबईतल्या आगारांवर उद्या मजले चढतील, दुकाने निघतील. त्यातला एक मजला चार खाटांच्या खोल्यांसाठी राखावा आणि तिकीट दाखवणाऱ्याला ठरावीक दरात खोली द्यावी, अशी अट निविदा निघण्याआधीच घालता येईल. नंतर घालणे अवघड. मेढा आगारातून निघणाऱ्या गाडीचे तिकीट चौघांच्या हातात असतेच.