फाशी नोव्हेंबरची, ऑक्टोबर माफ!

पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये जनरल परवेझ मुशर्रफ यांची फाशी कायम केली. आरोपी मात्र फेब्रुवारी २०२३ मध्येच दुबईत वारले होते. मेलेल्या हुकूमशहाला फाशी! हसू येते खरे. पण ही शिक्षा नेमकी कशाची, हे आम्हा वकील मंडळींना अधिक बोचते.

ती ३ नोव्हेंबर २००७ च्या आणीबाणीची आहे. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी नवाझ शरीफ यांचे निवडून आलेले सरकार उलथवले, त्याची नाही. तो गुन्हा न्यायालयाने केव्हाच धुऊन दिला होता.

जानेवारी २००० मध्ये लष्करशहाने न्यायमूर्तींना फर्मावले, घटनेची नव्हे, माझ्या हंगामी आदेशाची शपथ घ्या. सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दिकी व आणखी पाच न्यायमूर्तींनी सरळ नकार दिला आणि घरचा रस्ता धरला. बाकीच्यांनी शपथ घेतली. मे २००० मध्ये बारा जणांच्या खंडपीठाने 'गरजेचा सिद्धांत' पुढे करून बंड वैध ठरवले, तीन वर्षांची मुदत दिली. वर घटना दुरुस्त करण्याचा अधिकारही बहाल केला! (१९७७ मध्ये झियांच्या बंडालाही याच सिद्धांताने वाचवले होते.) या निकालाच्या आधारावर सेनापती जून २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. एप्रिल २००२ च्या सार्वमतात म्हणे सुमारे ९८ टक्के कौल पडला. २००३ अखेर संसदेनेही सतराव्या दुरुस्तीने सगळ्यावर पांघरूण घातले.

त्या बारा जणांत इफ्तिखार चौधरी होते. ९ मार्च २००७ रोजी मुशर्रफ यांनी सरन्यायाधीशपदावरून निलंबित केले ते यांनाच. मग काळे कोट रस्त्यावर उतरले, वकिलांनी लाठ्या खाल्ल्या. २० जुलैला चौधरी परतले. नोव्हेंबरात आणीबाणी लादून त्यांच्यासह अनेक न्यायमूर्तींना घरी बसवले गेले. पण आता घाव न्यायासनावरच होता. महाभियोग समोर दिसताच ऑगस्ट २००८ मध्ये मुशर्रफ यांनी राजीनामा दिला.

२०१० च्या अठराव्या दुरुस्तीने लिहून टाकले की, घटना उलथवण्याच्या कृत्याला कोणतेही न्यायालय वैध ठरवणार नाही. हे बजावणे लष्कराला नव्हते, न्यायमूर्तींना होते. २००० च्या त्या निकालाबद्दल मात्र बारांपैकी एकावरही खटला झाला नाही. चौधरी तर २००९ मध्ये पुन्हा सरन्यायाधीश झाले.