लपवलेली पदवी

नोकरीच्या अर्जात मनुष्य आपले गुण फुगवून सांगतो ही तक्रार जुनीच आहे. परंतु कष्टाने संपादन केलेली विद्या दडवून स्वतःस उणे लेखण्याचा प्रसंग ज्याच्यावर ओढवतो, त्याच्या असत्याचा विचार आपण क्वचितच करतो. पंजाब नॅशनल बँकेने २०१६ साली ओडिशात शिपायांच्या जागांसाठी जाहिरात दिली, तेव्हा उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, मात्र पदवीधर नसावा, अशी अट तीत होती. एका तरुणाने २०१४ सालीच पदवी मिळवलेली असताना अर्जात तिचा उल्लेख टाळला. पुढे ती उघडकीस येताच बँकेने त्याची निवड रद्द केली. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या बाजूने झाला, पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तो फिरवला.

हा निकाल मला न्याय्य वाटतो. बँकेतील शिपायाच्या हातून खातेदारांचे धनादेश आणि दप्तर रोज इकडून तिकडे जात असते, आणि ज्याने पहिल्याच कागदावर हेतुपुरस्सर सत्य लपवले, त्याच्या स्वाधीन ते करण्यास मालक कचरला, तर त्याला बोल कसा लावावा? शिवाय बारावीनंतर शिक्षण सोडावे लागलेल्या ज्या कोणासाठी ती जागा राखली होती, त्याच्या तोंडचा घास या मौनाने काढून घेतला, आणि त्या वंचिताचे नाव कोणत्याच निकालपत्रात येत नाही. अट मान्य नव्हती, तर अर्ज करण्यापूर्वीच तिला आव्हान द्यावयाचे होते.

आव्हानाची ती वाट बंद नव्हती. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील शिपाईपदांच्या प्रकरणात, केवळ अधिक शिकला म्हणून उमेदवारास विचारातूनच वगळणारा निकष तर्काला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २००० साली म्हटले होते. तो दाखला पुढे ठेवून उजळ माथ्याने भांडता आले असते. पदवीधर शिपाई त्या हुद्द्यावर रमत नाही, हे मालकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तथापि ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला पदवीपर्यंत पोहोचवले, त्या घराला ती पदवी लपवण्याची पाळी यावी, ही गोष्ट मला त्या तरुणाच्या कसुरीइतकीच अस्वस्थ करते.

म्हणून अर्जदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की पदवी लिहावी आणि अट जाचक वाटल्यास नेमणुकीपूर्वीच लेखी हरकत नोंदवावी. आणि शिक्षणाची कमाल मर्यादा घालणाऱ्या संस्थांनी तिचे कारण जाहिरातीतच छापावे.