न जुळणारं रीडिंग

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावा. मध्ये एक 'ओरिजिनल' जर्नल, भोवती चार जण. ग्राफवर नऊ बिंदू गुण्यागोविंदाने रेषेत आणि दहावा भलतीकडेच. मग खोडरबर निघतं. "उगाच व्हायवाला प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा?" मीही हे केलंय. पण मागच्या सेमिस्टरला मीरा नावाच्या ताऱ्याबद्दल वाचलं आणि तेव्हापासून तो खोडलेला बिंदू टोचतोय.

तिमिंगल तारकासमूहातला हा तारा डेव्हिड फाब्रिशियस यांनी 1596 मध्ये टिपला. साधारण 332 दिवसांनी तो डोळ्यांना चांगला दिसण्याइतका उजळतो आणि मग पार गायब होतो. म्हणून नाव मीरा, म्हणजे लॅटिनमध्ये 'अद्भुत'. हा म्हातारा, फुगलेला तांबडा राक्षसी तारा, पृष्ठभागाचं तापमान जेमतेम 3000 केल्विन. फर्स्ट इयरचा वीनचा नियम लावा: उत्सर्जनाचं शिखर 1 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये येतं. क्ष-किरणांना तर लाखो अंश तापलेला वायू लागतो. अशा थंड ताऱ्याकडून क्ष-किरण येणं म्हणजे मेसच्या चहाने जीभ भाजणं!

पण मीराची गडबड आधीच कळली होती. माउंट विल्सनवर आल्फ्रेड जॉय यांना हा तारा मंद असताना त्याच्या वर्णपटात थंड ताऱ्याला न शोभणाऱ्या खुणा दिसल्या. त्यांनी त्या खोडल्या नाहीत. 1923 मध्ये रॉबर्ट एटकेन यांना दुर्बिणीतून मीराला अगदी खेटून असलेला सोबती प्रत्यक्ष दिसला.

राक्षसी तारा आपलं आवरण वाऱ्यासारखं उधळत असतो. सोबती त्यातला थोडा वायू ओढून घेतो, त्या वायूची फिरती तबकडी बनते, ती तापते. क्ष-किरण तिथूनच येणार, असा सरळ हिशोब. फक्त आकडा जुळेना. सोबती श्वेत बटू असेल तर क्ष-किरण बरेच जास्त हवेत, म्हणून हा साधा छोटा तारा असावा, असं 1984 मध्ये जुरा आणि हेल्फंड यांनी मांडलं. 2010 मध्ये सोकोलोस्की आणि बिल्डस्टेन यांनी त्याच्या प्रकाशाची मिनिटामिनिटाला होणारी लुकलुक मोजली आणि पारडं पुन्हा श्वेत बटूकडे झुकलं. मधली 26 वर्षं तो आकडा तसाच अडचणीत उभा होता, कुणी 'अॅडजस्ट' केला नाही!

खरी गंमत डिसेंबर 2003 ची. चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण (आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची) मीराकडे वळवली होती. दोघांमधलं अंतर जेमतेम अर्धा आर्कसेकंद. अडीच सेंटिमीटरचं नाणं 10 किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढं. चंद्राने दोघांना वेगळं करून दाखवलं आणि त्याच वेळी क्ष-किरणांचा एक उद्रेकही पकडला. तो सोबत्याकडून नव्हे, थंड म्हाताऱ्याकडून आला होता! मार्गारिटा कारोव्स्का आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ते प्रसिद्ध केलं. चुंबकीय स्फोट असावा, असा त्यांचा अंदाज.

मला हे जास्त भावतं. कारण 'जे काही विचित्र आहे ते सोबत्यामुळे' हे उत्तर तोवर तयारच होतं. दोन ठिपके वेगळे दिसले नसते तर उद्रेकही बिचाऱ्या सोबत्याच्याच खात्यावर गेला असता आणि ग्राफ एकदम मस्त आला असता.

मान्य, आपल्या लॅबमध्ये शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा दहाव्या बिंदूमागे लूज कनेक्शन असतं. मग तपासा आणि तसं लिहा ना! माझं सरळ म्हणणं आहे की जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी 'न जुळलेली रीडिंग्ज' म्हणून अर्धं पान सक्तीचं करावं, आणि स्टाफने त्याचे मार्क कापू नयेत, द्यावेत. व्हायवाला 'व्याख्या सांग' ऐवजी 'हा बिंदू इथे कसा?' असं विचारलं तर कॉपी करणाऱ्याची बोबडीच वळेल. सीनियरच्या जर्नलमध्ये ते उत्तर कुठून सापडणार?

या वेळी झीनर डायोडच्या प्रयोगात मी सहावं रीडिंग आलं तसंच ठेवलं. सरांनी त्याभोवती लाल गोल केला, दोन मार्क गेले. गुरुवारी दुपारी लॅब रिकामी असते. चावी मागितलीय.