लंपी रोग आणि लपविलेले जनावर

4 ऑगस्ट 2022 रोजी जळगाव जिल्ह्यातील चिनावल येथे लंपी त्वचारोगाची त्या साथीतील राज्यातली पहिली नोंद झाली, तेव्हा पोळा जेमतेम तीन आठवड्यांवर होता. बैल एका वेशीत जमण्याचे ते दिवस. पुढे राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले व गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचण्यात आली. लस उपयोगी पडली. परंतु टोचल्यापासून अंगी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि गोमाशी, डास व गोचीड तेवढे दिवस थांबत नाहीत. म्हणून नाशिकसारख्या जिल्ह्यात, जेथे निफाड-सिन्नरकडील संकरित गायी या रोगाने अधिक खचतात, लसीचे काम पावसाळ्यापूर्वीच उरकले पाहिजे. डोंगराकडील डांगी जनावर काटक खरे, पण तेही या रोगातून सुटलेले नाही.

ग्रामसेवकांना खरी अडचण येते ती निराळीच. गोठ्यातील जनावराच्या अंगावर गाठी दिसल्या की मालक ते मागल्या दारी बांधतो. त्यास अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दूध घेणारा उद्या दूध नाकारील, ही त्याची धास्ती असते, आणि 2022 साली दुधाविषयी ज्या वावड्या उठल्या त्या पाहता ती निराधार म्हणता येत नाही. हा रोग माणसास होत नाही. दूध उकळून खुशाल प्यावे. ही गोष्ट गावात आधी सांगितली गेली, तर जनावर लपविण्याचे अर्धे कारण नाहीसे होईल. अशा रोगाची खबर देणे 2009 च्या केंद्रीय कायद्याने मालकावर बंधनकारक आहे खरे, पण नुसत्या कायद्याच्या धाकाने गोठ्याचे दार उघडत नाही.

विषाणूवर थेट मारा करणारे औषध नाही. प्रतिजैविके देतात ती जखमा चिघळू नयेत म्हणून, व तीही पशुवैद्यांच्याच सल्ल्याने. ताप व सूज उतरविणे, जखमा धुऊन मलम लावणे, मऊ चारा व पाणी तोंडाशी देणे, माश्या दूर ठेवणे, यांवरच बहुतेक जनावरे उठतात. आजारी जनावर निराळे बांधावे, त्याची निगा एकाच माणसाने ठेवावी. गळून पडलेल्या खपल्यांतही विषाणू दीर्घकाळ टिकतो. त्या उकिरड्यावर टाकू नयेत, जाळाव्यात. टोचताना प्रत्येक जनावरास नवी सुई हवी; घाईत नेमके येथेच चुकते.

वासरांची नोंद मात्र बहुधा राहून जाते. गेल्या मोहिमेनंतर जन्मलेले वासरू यादीत नसते, आणि आईकडून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते. चार महिन्यांवरील अशा वासरांची यादी ग्रामसेवकांनी वैशाखातच करून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी.